पाहुण्याकडून पैसे घेता? मग घराची नोंद करा



बीदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांतील आपल्या जुन्या मराठी घरांत परगावच्या माणसाला उतरून घेण्याची रीत नवीन नाही. गाणगापुरात पौर्णिमेला आणि गुरुवारी सोलापूर, पुणे, मुंबईकडून येणारा भक्त पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या पुजाऱ्याच्या घरी उतरतो. तिथेच आंघोळ, तिथेच नैवेद्य, तिथेच मुक्काम. हुमनाबादजवळ माणिकनगरला दत्तजयंतीची गर्दी झाली की लोक ओळखीचे घर शोधतात. बीदरला नांदेडहून गुरुद्वारा नानक झिरा साहिबच्या दर्शनाला येणारे यात्रेकरू आहेत, किल्ला आणि महमूद गवानचा मदरसा पाहणारे आहेत, झरणी नृसिंहाला येणारे आहेत. बसवकल्याणला नव्या अनुभव मंटपाची कोनशिला जानेवारी २०२१ मध्ये बसली. ते काम पूर्ण झाले की तिथली वर्दळ आणखी वाढणार. २९ ऑक्टोबर २०१७ रोजी बीदर-कलबुर्गी रेल्वेमार्ग सुरू झाला आणि हुमनाबादलाही गाडी आली. थोडक्यात, येणारा माणूस वाढतो आहे आणि त्याला रात्रीपुरती खोली पाहिजे आहे.

पूर्वी हा माणूस जाताना देवापुढे किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हातावर काही ठेवून जात असे. त्याला दक्षिणा म्हणत. आता खोली फोनवर ठरते, दर आधी विचारला जातो आणि पैसे यूपीआयने खात्यात जमा होतात. हळूहळू दक्षिणेचा दर झाला. दर आला की व्यवहार आला आणि व्यवहार आला की कायदा आला. आपल्यातील पुष्कळ कुटुंबांनी हा बदल स्वीकारला, पण कागदावर मात्र आपण अजून दक्षिणेच्याच काळात आहोत. म्हणून हा लेख.

आमचे म्हणणे सरळ आहे. जे घर पैसे घेऊन पाहुणा ठेवते त्या घराने आपली नोंद करून घ्यावी. ती भीतीपोटी नव्हे, तर हक्क म्हणून. आणि ही नोंद आपल्या माणसाला समजेल अशा भाषेत आणि झेपेल अशा नियमांत व्हावी, ही मागणी आपण सर्वांनी मिळून लावून धरावी. या दोन्ही गोष्टी एकदम झाल्या पाहिजेत. नोंद न करता नुसती मागणी केली तर कोणी ऐकणार नाही. मागणी न करता नुसती नोंद केली तर आपली साधी घरे नियमांच्या ओझ्याखाली बंद पडतील.

पाहुणा आणि भाडेकरू यांतील फरक

आपल्याकडे खोली देताना लोकांना पहिली धास्ती असते ती ही, की माणूस एकदा आत आला आणि निघालाच नाही तर? जुन्या भाडे नियंत्रण कायद्याच्या काळात ज्यांची घरे अडकली त्यांच्या गोष्टी आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. म्हणून पहिला मुद्दा हाच घेऊ.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतर कायद्यात भाडेपट्टा म्हणजे घराचा उपभोग घेण्याचा हक्क ठरावीक मुदतीसाठी दुसऱ्याला देणे. ताबा त्याचा होतो. याउलट, आपल्या ताब्यातील घरात दुसऱ्याला फक्त राहू देणे ही परवानगी झाली. महाराष्ट्रात यालाच लीव्ह अँड लायसन्स म्हणतात. हॉटेलातला किंवा घरातला चार दिवसांचा पाहुणा या दुसऱ्या प्रकारात बसतो. मात्र कागदावर काय नाव लिहिले यावर हे ठरत नाही. १९५९ साली असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध कपूर या खटल्यात दिल्लीच्या एका हॉटेलातील खोल्या केशकर्तनाच्या व्यवसायासाठी दिल्या होत्या. करारात परवाना असा शब्द होता. तरीही सुप्रीम कोर्टाने व्यवहाराचा गाभा पाहिला, ताबा कोणाचा होता ते पाहिले आणि तो भाडेपट्टाच ठरवला.

यातून घ्यायचा धडा असा. पाहुण्याला खोली द्या, पण ताबा देऊ नका. एक किल्ली आपल्याकडे असू द्या, झाडलोट आपल्या माणसाने करावी, वेगळे वीज मीटर देऊ नका, वेगळी चूल मांडू देऊ नका. पावतीवर ‘भाडे’ न लिहिता मुक्कामाच्या तारखा आणि निवास शुल्क लिहा. पंधरा दिवसांचा पाहुणा महिने राहू लागला, गॅस घेऊन आला, त्या पत्त्यावर आपली टपाल-कागदपत्रे काढू लागला, तर तो पाहुणा राहिला नाही. तसे करायचेच असेल तर रीतसर भाडेकरार करा. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्याने नोंदवावा लागतो; अकरा महिन्यांचे करार होतात ते याचमुळे. दोन्ही व्यवहारांची सरमिसळ करू नये.

घरमालक घरात राहतो, हीच आपली ओळख

केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची अतुल्य भारत बेड अँड ब्रेकफास्ट व होमस्टे योजना आहे. तिच्यात कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त सहा खोल्या, म्हणजे बारा खाटा चालतात, आणि मुख्य अट अशी की घरमालक आपल्या कुटुंबासह त्याच घरात राहता असला पाहिजे. घरांची वर्गवारी रौप्य आणि सुवर्ण अशी होते. कर्नाटकात होमस्टेची नोंद राज्याच्या पर्यटन खात्याकडे होते आणि जिल्ह्याच्या ठिकाणी त्या खात्याचे कार्यालय आहे. मालकीचा कागद, ओळखपत्र, घराची पाहणी आणि पोलीस पडताळणी ही त्यातली मुख्य पावले.

मालक घरात राहता हवा ही अट काहींना जाचक वाटते. आमच्या मते ती आपल्या जुन्या घरांच्या फायद्याची आहे. बाहेरचा पैसेवाला देवस्थानाजवळ चार घरे विकत घेतो, व्यवस्थापक ठेवतो आणि होमस्टेची पाटी लावतो. ते घर नव्हे, ते लॉज. लॉजवाल्याने लॉजचे नियम पाळावेत. होमस्टे हा शब्द जे खरोखर घर आहे त्याच्यासाठी राखला गेला तर आपले दोन खोल्यांचे घर त्याच्या स्पर्धेत टिकेल.

जगात ज्या शहरांनी या धंद्यावर बंधने आणली त्यांचेही कारण हेच आहे. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून तीस दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी घर द्यायचे तर नोंदणी सक्तीची झाली, घरमालकाने तिथे हजर असले पाहिजे आणि पाहुणे दोनच. पॅरिसमध्ये राहते घर पाहुण्यांना देण्याची मर्यादा वर्षाला १२० दिवसांची होती, ती २०२५ पासून ९० दिवसांवर आणता येईल असा कायदा झाला. बार्सिलोनाने तर पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या सुमारे दहा हजार फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवायचे असे २०२४ मध्ये जाहीर केले. तिथे गावच्या माणसाला राहायला घर मिळेनासे झाले होते. आपल्याकडे ती वेळ आलेली नाही. पण जवळच्या गोव्यात पर्यटन व्यवसाय नोंदणीचा कायदा १९८२ पासून आहे, आणि कोकणात महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या निवास व न्याहारी योजनेतून कितीतरी साध्या घरांनी रीतसर नोंद करून चार पैसे मिळवले आहेत. घरगुती माणसाला हे जमत नाही, असे म्हणण्यात अर्थ नाही.

पाहुण्यांची वही

गाणगापूरच्या पुजाऱ्यांना वहीचे महत्त्व सांगायची गरज नाही. यजमानांची नावे, गावे, पिढ्या लिहून ठेवण्याची परंपरा आपल्या तीर्थक्षेत्रांत आहेच. तीच वही आता नीट आखून ठेवावी. पाहुण्याचे नाव, पत्ता, फोन, सोबतची माणसे, कुठून आला, कुठे जाणार, आल्याची व गेल्याची तारीख-वेळ आणि सही. ओळखपत्र पाहिल्याशिवाय खोली देऊ नये. आधारची प्रत घेतलीच तर आकडे झाकलेली, म्हणजे मास्क्ड प्रत घ्यावी आणि ती कुलपात ठेवावी. लोकांच्या आधारच्या झेरॉक्सचा गठ्ठा ओसरीवर पडलेला असणे बरे नव्हे.

पाहुणा परदेशी असेल तर नियम अधिक कडक आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ चा विदेशी नागरिक कायदा जाऊन त्याच्या जागी २०२५ चा इमिग्रेशन व विदेशी नागरिक कायदा लागू झाला. आधीच्या कायद्याप्रमाणे याही कायद्यात, परदेशी माणसाला मुक्कामाला ठेवणाऱ्याने त्याची माहिती सरकारला कळवायची आहे. लोक ज्याला सी फॉर्म म्हणतात ती ही माहिती चोवीस तासांच्या आत ऑनलाइन भरावी लागते. बीदरच्या मंडळींनी हे विशेष लक्षात घ्यावे. गुरुद्वाऱ्याला कॅनडा, इंग्लंडहून येणारे भाविक असतात. गाणगापूरला अमेरिकेत स्थायिक झालेले आपलेच मराठी लोक येतात. माणूस पंजाबी बोलो की मराठी, त्याच्या हातात परदेशी पासपोर्ट असेल तर कायद्याने तो परदेशीच. ‘तो तर आमच्या काकांचा ओळखीचा’ हे उत्तर पोलीस ठाण्यात चालत नाही.

हे सर्व कशासाठी, असे कोणी विचारेल. ६ मार्च २०२५ च्या रात्री हंपीजवळ, कोप्पळ जिल्ह्यातल्या सणापूर येथे काय झाले ते सर्वांनी वाचले आहे. होमस्टे चालवणाऱ्या महिलेवर आणि तिच्याकडे उतरलेल्या इस्रायली महिलेवर अत्याचार झाले, सोबतच्या पुरुष पर्यटकांना कालव्यात ढकलले गेले आणि त्यांतील एकाचा मृत्यू झाला. तिथे गुन्हा बाहेरच्या माणसांनी केला. घर चालवणारी स्वतःच बळी ठरली. पण असे काही घडले की पहिला प्रश्न नोंदीचा निघतो. वही नीट असेल तर ती पाहुण्याचे रक्षण करते आणि घरमालकाचेही.

करांची भीती आणि खरे आकडे

नोंद केली की टॅक्स लागतो, ही समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे, रोज आकड्यांत बसणारे. म्हणून हिशोबच मांडतो.

समजा घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी आहेत, दर रोजी ८०० रुपये, आणि वर्षातले १५० दिवस दोन्ही खोल्या भरल्या. एकूण जमा २ लाख ४० हजार रुपये. वर्षाचे ३६५ दिवस दोन्ही खोल्या भरल्या, जे गाणगापुरातही होत नाही, तरी ५ लाख ८४ हजार. जीएसटीची नोंदणी सेवेच्या उलाढालीसाठी २० लाखांच्या पुढे लागते. मग भीती कशाची? मात्र एकाच पॅनवर दुकान किंवा दुसरा धंदा असेल तर ती उलाढालही धरली जाते, हे ध्यानात ठेवावे. दिवसाला एक हजाराच्या आतील खोलीला पूर्वी जीएसटी माफ होता. १८ जुलै २०२२ पासून ती माफी गेली. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के दर आहे. पण हा भार नोंदणीच्या मर्यादेवर गेलेल्यांचा. मोबाईलवरच्या एखाद्या कंपनीमार्फत खोली दिली आणि आपली जीएसटी नोंद नसेल, तर तो कर ती कंपनीच ग्राहकाकडून घेऊन भरते. ती काय कापते, किती कमिशन घेते, याचा हिशोब दर महिन्याला पाहावा.

आयकराचे म्हणाल तर, २०२४-२५ या आर्थिक वर्षापासून राहते घर भाड्याने दिल्याचे उत्पन्न धंद्याचे म्हणून दाखवता येत नाही; ते घर-मालमत्तेच्या सदरात दाखवायचे आणि त्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. जेवण, गाडी, पूजेची व्यवस्था असे सोबत असेल तर कोणता भाग कुठे दाखवायचा ते आपल्या सीएला विचारावे. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत, विशेष दराचे उत्पन्न सोडले तर, एकूण १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर द्यावा लागत नाही. आपल्यातील बहुतेक घरे यात बसतात. न दाखवलेले उत्पन्न मात्र खात्यात दिसतेच, कारण पैसे यूपीआयने आलेले असतात.

उलट नोंदीचा फायदा पाहा. १ फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात होमस्टेंना मुद्रा कर्ज देण्याची घोषणा झाली. मुद्रा कर्जाला तारण लागत नाही. जुन्या घराला न्हाणीघर, संडास, नळ, गच्चीची दुरुस्ती करायला लाख-दोन लाख लागतात. ते सावकाराकडून आणण्यापेक्षा हे बरे. पण ज्या धंद्याची कुठेच नोंद नाही त्याला बँकेतला साहेब कर्ज मंजूर तरी कोणत्या कागदावर करणार? ज्यांच्या घरावर आधीच गृहकर्ज आहे त्यांनी मात्र पाहुणे ठेवण्यापूर्वी बँकेची लेखी संमती घ्यावी. मंजुरीपत्रात घर राहण्यासाठीच वापरण्याची अट बहुधा असते.

आजोबांच्या नावाचा खाता

खिडकीमागे बसून आम्ही एक गोष्ट वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. आपल्या जुन्या कुटुंबांकडे घर आहे, वाडा आहे, पण कागद नाही. खाता आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन तीस वर्षे झाली. एक भाऊ गावात, एक पुण्यात, एक हैदराबादला. पाहुणा ठेवणाऱ्या भावाच्या नावावर एक खणसुद्धा नाही. ग्रामपंचायत हद्दीत ई-स्वत्तूचा नमुना ९ आणि ११ लागतो, शहरात ई-खाता लागतो, आणि ते आज हयात असलेल्या मालकाच्या नावाने लागतात. होमस्टेची नोंद असो की कर्ज, गाडी इथेच अडते.

यात बहिणींना विसरून चालणार नाही. देशात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला; कर्नाटकाने ती दुरुस्ती, त्या तारखेनंतर लग्न झालेल्या मुलींपुरती, १९९४ मध्येच केली होती. २०२० साली विनीता शर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टाने हा हक्क जन्मापासूनचा असल्याचे स्पष्ट केले. तेव्हा वाड्याचे वाटप किंवा संमतीपत्र करताना बहिणीची सही साडी-चोळीवर भागवता येणार नाही. वारसा नोंद करून घ्या, सर्वांची लेखी संमती घ्या, उत्पन्नाचा वाटा ठरवा. पाहुण्यांच्या निमित्ताने का होईना, घराचे कागद सुधारले तर पुढच्या पिढीवर ते मोठे उपकार होतील.

जात विचारून खोली देता येणार नाही

हा मुद्दा काहींना बोचेल, पण लिहिणे भाग आहे. आपल्या काही घरांत अजूनही पाहुण्याचे आडनाव, गोत्र विचारून खोली आणि ताट ठरते. घरच्या सोयरिकीला कोणाला बोलवायचे हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण सर्वांना दर सांगून, पैसे घेऊन जागा दिली जाते तेव्हा ते खासगी अंगण राहत नाही. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात हॉटेलसारख्या ठिकाणी धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणाला अडवता येत नाही असे म्हटले आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात हॉटेल या शब्दात खानावळ आणि मुक्कामाची जागाही येते. अस्पृश्यतेच्या कारणावरून तिथे प्रवेश नाकारणे हा गुन्हा आहे. बसवण्णांच्या कल्याणात राहणाऱ्यांना हे कायद्याने सांगावे लागू नये. घरात मांसाहार नको, दारू नको, रात्री दहानंतर दार बंद, हे नियम जरूर करा आणि भिंतीवर लावा. पण ते सर्वांना सारखे असावेत.

पाटी आणि भाषा

आता आपल्या जिव्हाळ्याचा प्रश्न. कर्नाटकाच्या २०२४ च्या दुरुस्ती कायद्याने व्यावसायिक पाट्यांवर ६० टक्के जागा कन्नडला आणि तीही वरच्या भागात द्यायची आहे. नोंद झालेल्या होमस्टेच्या पाटीलाही हा नियम धरून चालावे. आमचे मत असे की यावर आदळआपट करू नये. वर कन्नडमध्ये ठळक लिहा, खाली उरलेल्या जागेत मराठीत लिहा. सोलापूरचा यात्रेकरू ती ओळ वाचूनच दारात येणार आहे. आपल्या मुलांना कन्नड चांगले येते. कित्येक घरांत तीन भाषा बोलल्या जातात. कन्नडला मान दिल्याने मराठी कमी होत नाही. मराठीची ओळ गाळली तर मात्र ती आपणच गाळली असे होईल.

अर्ज आणि नियमांचे प्रकरण वेगळे आहे. घर चालवणारी बाई साठ वर्षांची, शाळा मराठीत झालेली. तिला हमीपत्रावर सही करायची आहे आणि त्यात काय लिहिले ते तिला वाचता येत नाही. तिने न वाचता सही करावी हे कोणत्याही सरकारच्या हिताचे नाही. संविधानाच्या ३५० व्या अनुच्छेदाप्रमाणे तक्रारीचे निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाच्या मान्य योजनेत, ज्या तालुक्यात वा नगरपालिकेत अल्पसंख्य भाषिक १५ टक्के किंवा अधिक असतील तिथे महत्त्वाचे नियम व सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात असे तत्त्व आहे. सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. त्याचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. पण मराठीत छापलेला एक अर्ज मागण्यासाठी त्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.

काय मागायचे, काय करायचे

आमच्या मते मंडळाने दोन्ही जिल्ह्यांच्या डीसी कार्यालयांत आणि पर्यटन खात्यात निवेदन द्यावे. त्यात चार मागण्या असाव्यात. एक, होमस्टेचे नियम, अर्ज आणि हमीपत्र यांचा मराठी अनुवाद अर्जासोबत मिळावा. त्यासाठी तालुकानिहाय मराठी मातृभाषेचे जनगणनेतील आकडे जोडावेत. दोन, मालक राहत असलेल्या एक-दोन खोल्यांच्या घरांना जेस्कॉमचा घरगुती वीजदर आणि राहत्या घराचाच मालमत्ता कर असावा. लॉजचा दर लावू नये. तीन, केवळ यात्रेच्या दिवसांत पाहुणे ठेवणाऱ्या घरांसाठी सोपी, हंगामी नोंद असावी. चार, दत्तजयंतीपूर्वी गाणगापूर आणि माणिकनगर येथे खात्याने नोंदणीचे शिबिर भरवावे, म्हणजे कामधंदा सोडून जिल्ह्याला खेपा घालाव्या लागणार नाहीत.

आणि आपण काय करायचे? या महिन्यात घराचा खाता कोणाच्या नावावर आहे ते पाहायचे. वही आखायची. ज्यांना पर्यटन खात्याचा अर्ज भरता येतो अशा तरुणांनी आपापल्या गल्लीतल्या तीन घरांचे अर्ज भरून द्यायचे. ज्यांची नोंद होईल त्यांनी मंडळाला कळवायचे. आज कोणी विचारले की या दोन जिल्ह्यांत पाहुणे ठेवणारी मराठी घरे किती, तर आपल्याकडे आकडा नाही, सरकारकडेही नाही. ज्यांची मोजदाद नाही त्यांच्यासाठी नियम दुसरेच कोणी ठरवतात. निवेदनाला नोंद झालेल्या घरांची यादी जोडलेली असेल, तर साहेबांना ती बाजूला सारता येणार नाही.

‘आम्ही धंदा करत नाही, सेवा करतो’ असे म्हणणारे वडीलधारे आपल्यात आहेत. त्यांच्या भावनेचा आम्हाला आदर आहे. जो खरोखर काही घेत नाही, आल्यागेल्याला पोटभर वाढतो, त्याला यातले फारसे काही लागू नाही. परदेशी पाहुण्याची माहिती मात्र त्यानेही द्यावीच. पण दर ठरवून पैसे घ्यायचे आणि वर सेवा म्हणायचे, हे देवालाही पटणार नाही आणि कायद्यालाही. घेतलेल्या पैशाची पावती द्यावी, पाहुण्याची नोंद ठेवावी, घर स्वच्छ ठेवावे. सेवा यातही आहे.

पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि येताना प्रत्येकाने आपल्या घराच्या खात्याची प्रत सोबत आणावी, ही विनंती.